चीनमधल्या सीईटी-४ आणि सीईटी-६ ची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनमधल्या एका विद्यापीठात मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं. आता घरूनच चिनी विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन शिकवण्या घेते. हे प्रश्न मला तीन प्रकारच्या लोकांकडून सारखे येतात. काही जण चीनमध्ये डॉक्टरकी शिकणारी आपली मुलं, ज्यांच्याकडे चिनी वर्गमित्र इंग्रजीची मदत मागतात. काही जण ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे मराठी शिक्षक. आणि काही जण चिनी शिकणारे, ज्यांची एखाद्या चिनी विद्यार्थ्याशी भाषेची देवाणघेवाण चालते. उत्तरं त्यांना समोर ठेवून लिहिली आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगण्याऐवजी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही सीईटी म्हणजे आपली इंजिनिअरिंग-फार्मसीची सीईटी का?

नाही, फक्त नाव सारखं आहे. आपली एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा. चीनमधली सीईटी म्हणजे 'कॉलेज इंग्लिश टेस्ट', आणि ती कॉलेजात प्रवेश मिळाल्यानंतर द्यायची असते. इंग्रजी हा ज्यांचा मुख्य विषय नाही अशा पदवीच्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी तपासायला ती आहे. चौथी पातळी १९८७ मध्ये सुरू झाली, सहावी १९८९ मध्ये. वर्षाला एक कोटीहून जास्त मुलं ती देतात. चिनी मुलं दोन्ही पातळ्यांना मिळून 'स-लिऊ-जी' म्हणतात, म्हणजे चार-सहा पातळी. इंग्रजीच विषय घेतलेल्यांसाठी टेम-४ आणि टेम-८ या वेगळ्या परीक्षा आहेत. इथे त्यांच्याबद्दल काही नाही.

२. चौथी न देता थेट सहावी देता येते का?

येत नाही. चौथीत निदान ४२५ गुण असतील तरच सहावीला नाव नोंदवता येतं. पाचवी नावाची परीक्षा नाही, हेही बऱ्याच जणांना सांगावं लागतं.

३. परीक्षा कधी असते आणि फॉर्म कोण भरू शकतं?

लेखी परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, शनिवारी. सकाळी चौथी, दुपारी सहावी. नावनोंदणी त्याआधी तीन महिने, म्हणजे साधारण मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये असते. ती चुकली की सहा महिने थांबावं लागतं. २००७ पासून ही परीक्षा फक्त कॉलेजात शिकत असलेल्यांसाठी आहे. पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला पुन्हा बसता येत नाही. म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांची घालमेल जास्त असते. पहिल्या सत्रातल्या मुलांना बसू द्यायचं की नाही हे विद्यापीठ ठरवतं. बरीच विद्यापीठं देत नाहीत.

४. पेपरात नेमकं काय काय असतं?

दोन्ही पातळ्यांचा सांगाडा एकच आहे आणि क्रमही ठरलेला आहे. आधी निबंध ३० मिनिटं, मग ऐकण्याचा भाग, त्यानंतर वाचन आणि चिनीतून इंग्रजीत भाषांतर. वाचनाला ४० आणि भाषांतराला ३० मिनिटं धरली आहेत, पण ही ७० मिनिटं सलग मिळतात. आधी काय सोडवायचं ते विद्यार्थ्याच्या हातात असतं (प्रश्न ११ पाहा).

वजन असं: निबंध १५ टक्के, ऐकणं ३५, वाचन ३५, भाषांतर १५. चौथीत ऐकण्याचा भाग २५ मिनिटांचा असतो, त्यात तीन बातम्या, दोन संभाषणं आणि तीन उतारे. सहावीत तो ३० मिनिटांचा. तिथे बातम्या नसतात. दोन संभाषणं, दोन उतारे आणि शेवटी तीन व्याख्यानांचे तुकडे असतात. वाचनात एक गाळलेल्या जागांचा उतारा, एक लांबलचक उतारा ज्यात विधानं परिच्छेदांशी जुळवायची, आणि दोन नेहमीसारखे प्रश्नोत्तरांचे उतारे. भाषांतराचा चिनी मजकूर चौथीत १४० ते १६० अक्षरांचा, सहावीत १८० ते २०० अक्षरांचा.

हा आराखडा एकदम तयार झालेला नाही. एकेका वाक्याऐवजी अख्खा परिच्छेद भाषांतराला द्यायला डिसेंबर २०१३ पासून सुरुवात झाली. चौथीत बातम्या जून २०१६ पासून आल्या, आणि तेव्हाच छोटी संभाषणं आणि ऐकून लिहायचा भाग गेला. त्यामुळे तुमच्या हातात कुणाचं जुनं पुस्तक आलं तर आधी त्यावरचं साल बघा.

५. ४२५ म्हणजे पास ना? म्हणजे ७१० चे ६० टक्के?

आकडा जुळतो, अर्थ जुळत नाही. २००५ च्या सुधारणेनंतर पास-नापास हा शिक्काच काढून टाकला. आता फक्त गुणपत्रक मिळतं. सहावीला बसण्याची अट ४२५ ची असल्यामुळे सगळ्या देशाने तीच पासची रेषा मानली आहे.

पण हे ४२५ म्हणजे शंभरातली साठ उत्तरं बरोबर, असं नाही. मूळ गुण एका ठरावीक विद्यार्थी-गटाच्या तुलनेत बदलून घेतले जातात. त्या गटाची सरासरी ५०० आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीच्या आसपास किती पसरलेत त्याचं माप, ७० धरलेलं असतं. म्हणजे ४२५ ही जागा त्या गटाच्या सरासरीच्या एका विचलनाहून थोडी खाली येते. विद्यार्थ्याला मी हे इतक्याच साध्या शब्दांत सांगते: सगळं यायला हवं असं नाही, पण एकही भाग पूर्ण सोडून चालणार नाही.

गुणपत्रकावर तीन आकडे असतात. ऐकणं २४९ पैकी, वाचन २४९ पैकी, निबंध आणि भाषांतर मिळून २१२ पैकी. मध्यम विद्यार्थ्याचं ४२५ बहुतेक वेळा असं बनतं: ऐकणं १४५, वाचन १६५, लेखन-भाषांतर ११५. आपला विद्यार्थी कुठे मागे पडतो ते मागच्या गुणपत्रकावर स्वच्छ दिसतं. शिकवायला घेण्याआधी ते मागून घ्या.

६. चौथी नाही झाली तर पदवी अडते, हे खरं का?

कॉलेजवर अवलंबून आहे. एकेकाळी पुष्कळ विद्यापीठांनी पदवी या परीक्षेला बांधून टाकली होती. तो नियम विद्यापीठांचा स्वतःचा होता आणि हळूहळू अनेकांनी तो सोडला. २०२३ मध्ये शिआन जियाओतोंग विद्यापीठाने पदवी आणि सीईटी यांचा संबंध तोडला तेव्हा चीनमध्ये त्याची मोठी चर्चा झाली. पदवी अडत नसली तरी नोकरीच्या जाहिरातींत, सरकारी पदांच्या अटींत आणि पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतींत '४२५ च्या वर' हे वाक्य अजून भेटतं. तेव्हा तुमच्या मित्राला त्याच्या कॉलेजचा नियम काय आहे ते विचारा. तो घाबरलाय तेवढं कारण आहे की नाही, ते त्यातून कळेल.

७. तयारीला किती दिवस लागतात?

चिनी शाळांत २००१ पासून तिसरीपासून इंग्रजी आहे आणि त्यांच्या बारावीनंतरच्या परीक्षेत, गाओखाओत, इंग्रजीला १५० गुण असतात. म्हणजे कॉलेजात येईपर्यंत मुलाने दहा वर्षं इंग्रजी केलेलं असतं. गाओखाओत ज्याला ११० च्या वर होते त्याला चौथीसाठी रोज तासभर असे दोन महिने पुरतात, असा माझा अनुभव आहे. ९० च्या आसपास असतील तर तीन ते चार महिने धरा. काही न करता जाऊन बसण्याला ती मुलं 'ल्वो-खाओ' म्हणतात, म्हणजे उघडी परीक्षा. पहिल्याच वर्षी, शाळेचं इंग्रजी ताजं असताना बसलेला मुलगा तसाही निघून जातो. तिसऱ्या वर्षी जात नाही. दोन वर्षांत इंग्रजी किती विसरतं ते त्याला ऐकण्याच्या भागात कळतं.

८. शब्दांचं पुस्तक पाठ करायला सांगू का?

मी सांगत नाही. चौथीसाठी साधारण साडेचार हजार आणि सहावीसाठी सहा हजार शब्द अपेक्षित धरतात. त्यातले निम्म्याहून जास्त शाळेतलेच असतात. शब्दांची पुस्तकं एबीसीडीच्या क्रमाने लावलेली, आणि पहिल्या पानावरचा पहिला शब्द 'अबॅन्डन'. चीनमध्ये हा शब्द प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ आहे, कारण प्रत्येकाने दर सत्रात पहिल्या पानापासून सुरुवात केलेली असते. माझ्या एका विद्यार्थिनीचं पुस्तक मी हातात घेऊन पाहिलं. 'ए' ची पानं बोटांनी काळपट झालेली, 'एम' पासून पुढे कोरी करकरीत. मेहनत तिने भरपूर केली होती, पण ती सगळी एकाच टोकाला गेली होती.

शब्द जुन्या पेपरांतून गोळा करावेत (प्रश्न ९). ज्या वाक्यात शब्द अडला ते वाक्य वहीत, शब्द अधोरेखित, अर्थ चिनीत मागच्या पानावर. रोज पंधरा-वीस पुरेत. तिसऱ्या दिवशी आणि दहाव्या दिवशी फक्त वाक्य वाचून अर्थ आठवतो का ते बघायचं. पेपरात शब्द वाक्यात भेटतात, म्हणून आठवणही वाक्यासकटच हवी.

९. जुने पेपर किती सोडवावेत? आणि कसे?

खऱ्या जुन्या पेपरांना चिनी मुलं 'जन-थी' म्हणतात आणि तयारीत त्यांच्याइतकी मोलाची दुसरी गोष्ट नाही. चूक होते ती सोडवण्याच्या पद्धतीत. वीस पेपर धडाधड सोडवायचे, गुण मोजायचे, पुढचा घ्यायचा. सहा पेपर नीट पचवलेला मुलगा वीस असे सोडवलेल्याच्या पुढे जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता छातीठोकपणे सांगते.

एका पेपरला मी आठवडा देते. पहिल्या दिवशी घड्याळ लावून पूर्ण पेपर, निबंधापासून शेवटपर्यंत, मध्ये फोन नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरं न बघता फक्त शंका असलेल्या प्रश्नांवर पुन्हा विचार. हा दिवस लोक टाळतात, आणि सगळ्यात जास्त शिकणं याच दिवशी होतं. तिसऱ्या दिवशी उत्तरं ताडून प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचं: शब्द माहीत नव्हता, वाक्य उलगडलं नाही, घाई झाली, की पर्यायाने फसवलं. ही चार कारणं पुरतात. चौथा-पाचवा दिवस ऐकण्याच्या भागाला (प्रश्न १०), सहावा भाषांतर पुन्हा लिहायला. सातव्या दिवशी सुट्टी. तीन पेपरांनंतर कारणांची मोजदाद केली की मुलाला स्वतःलाच दिसतं की आपल्या निम्म्या चुका एकाच कारणाने होतात.

आधी अलीकडच्या पाच वर्षांचे पेपर घ्या. एकाच परीक्षेत तीन संच असतात आणि एकाच खोलीत वेगवेगळे वाटतात, त्यामुळे पेपर कमी पडतील ही काळजी नको. शेवटचे दोन संच मात्र परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यासाठी बाजूला ठेवा.

१०. ऐकण्याचा भाग काही केल्या सुधारत नाही. काय करावं?

पहिल्यांदा हे समजून घ्या की सगळं एकदाच ऐकवतात, उताराही आणि प्रश्नही. कागदावर फक्त पर्याय छापलेले असतात, प्रश्न कानानेच पकडायचा. वेग चौथीत मिनिटाला १२० ते १४० शब्द, सहावीत १४० ते १६०. अमेरिकी आणि ब्रिटिश दोन्ही उच्चार येतात.

अडचण बहुतेक वेळा अशी असते की मुलाला शब्द डोळ्यांनी ओळखता येतो, कानांनी नाही. खात्री करायची तर उताऱ्याची संहिता समोर ठेवा. वाचून सगळं कळलं आणि ऐकून कळलं नव्हतं, तर शब्द वाढवून काही होणार नाही, कानाला सवय हवी. त्यासाठी एक मिनिटाचा तुकडा घ्या. एकदा नुसता ऐका. मग एकेक वाक्य थांबवून ऐकलं तसं लिहा. मग संहितेशी ताडा. जिथे चुकलं तिथे बहुतेक दोन शब्द एकमेकांत विरघळलेले सापडतात, 'नॉट अॅट ऑल' चं 'नॉटॅटॉल' झालेलं असतं. शेवटी रेकॉर्डिंगच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. रोज वीस मिनिटं, सहा आठवडे. यात सुट्टी घेऊन चालत नाही.

परीक्षेत आधीचा आवाज थांबला की पुढच्या पर्यायांवर नजर टाकायची सवय लावा. चारही पर्याय क्रियापदाने सुरू होत असतील तर प्रश्न बहुधा 'त्याने काय केलं' किंवा 'काय करणार' असा येतो. एखादा प्रश्न हुकला तर त्याच्यावर रडत बसायचं नाही. तेवढ्यात पुढचे दोन जातात. बातम्या आणि संभाषणांच्या एका प्रश्नाला एक टक्का, पण चौथीतल्या उताऱ्यांच्या आणि सहावीतल्या व्याख्यानांच्या एका प्रश्नाला दोन टक्के आहेत. म्हणजे मुलं थकलेली असतात तेव्हाच गुण महाग होतात. म्हणून सरावही पूर्ण भागाचा सलग करा, तुकड्यातुकड्याने नको.

११. वाचनाला वेळ पुरत नाही. कुठला भाग आधी घ्यावा?

गुण बघा म्हणजे क्रम आपोआप ठरेल. दोन नेहमीच्या उताऱ्यांत दहा प्रश्न, एकेक दोन टक्क्यांचा. जुळवाजुळवीत दहा विधानं, एकेक एका टक्क्याचं. गाळलेल्या जागांत दहा जागा, एकेक अर्ध्या टक्क्याची. आणि भाषांतर एकटं पंधरा टक्के. पेपरात गाळलेल्या जागा सगळ्यात आधी छापलेल्या असतात, मुलं तिथेच पंधरा मिनिटं घालवतात आणि भाषांतर अर्धवट सोडून येतात. मी सांगते ते असं: आधी दोन उतारे, मग भाषांतर, मग जुळवाजुळव, शेवटी गाळलेल्या जागा.

गाळलेल्या जागांना पंधरा शब्द दिलेले असतात, त्यातले पाच जास्तीचे. अर्थ नंतर बघा, आधी शब्दांची नाम, क्रियापद, विशेषण, क्रियाविशेषण अशी वाटणी करा. मग जागेला काय हवं ते बघा. अर्ध्या जागा अर्थ न लावता भरतात.

१२. जुळवाजुळवीत अख्खा उतारा वाचायचा का?

नाही. आधी विधानांतली नावं, आकडे, साल आणि ठळक नामं अधोरेखित करा, मग उताऱ्यावरून नजर फिरवा. विधानं उताऱ्याच्या क्रमाने नसतात. एकाच परिच्छेदाला दोन विधानं जुळू शकतात आणि एखाद्याला एकही नाही.

१३. भाषांतरात मी काय मदत करू? मला तर चिनी नीट येतही नाही.

इथे मराठी माणसाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

विषय चिनी संस्कृती, इतिहास, अर्थव्यवस्था आणि समाज यांतले असतात. जून २०१६ च्या चौथीत वेईफांगचे पतंग, वूजन हे पाण्यातलं गाव आणि कुंगफू होते. जून २०१७ ला यांगत्से, पीत नदी आणि पर्ल नदी. त्याच वर्षी डिसेंबरला ताइशान, हुआंगशान आणि हुआशान हे डोंगर. जून २०१९ ला कागदकाम, कंदील आणि सिंहनृत्य. विषयाचं ज्ञान मुलाला असतंच. अडते ती वाक्याची बांधणी.

कागदकामाच्या सरावात माझ्याकडे आलेलं एक वाक्य असं होतं: 'पेपर कटिंग हॅव मोअर दॅन वन थाउजंड इयर हिस्टरी.' या एका ओळीत चिनी भाषा जशीच्या तशी दिसते. चिनीत क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही, मी-तू-तो सगळ्यांना एकच: 'वो छ्यू, नी छ्यू, था छ्यू'. म्हणून 'हॅव'. वस्तूंच्या नामाला अनेकवचनाचा प्रत्यय नाही, म्हणून 'इयर'. आणि 'हजार वर्षं इतिहास' हा क्रमही चिनीचा. दुरुस्त केल्यावर झालं: 'पेपर कटिंग हॅज अ हिस्टरी ऑफ मोअर दॅन अ थाउजंड इयर्स.' ही वाक्यरचना प्रत्येक सणाला, शहराला आणि कलेला लागू पडते. एकदा बसली की कायमची.

काही अडचणी त्यांच्या आणि आपल्या एकच आहेत. 'अ' आणि 'द' ना चिनीत आहेत ना मराठीत. आणि चिनी मुलं 'ऑलदो' म्हटलं की पुढच्या वाक्यात 'बट' घालतातच, कारण त्यांच्याकडे 'सुइरान' आणि 'तानशि' ही जोडी आहे. आपल्याकडे 'जरी' आला की 'तरी' येतो ना, अगदी तसंच. ही चूक आपण शाळेत स्वतः केलेली असते, त्यामुळे ती का होते ते आपल्याला समजावून सांगता येतं. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे त्याला ते सुचत नाही.

एखादा शब्द आठवला नाही तर जागा कोरी सोडायची नाही. 'लँटर्न' आठवत नसेल तर 'पेपर लॅम्प' लिहा. भाषांतर १५ पैकी एकूण परिणामावर तपासतात. एका शब्दाची उणीव खपून जाते, वाक्यच नसलं तर खपत नाही.

१४. निबंधाचे साचे पाठ करून गेलं तर?

साचा म्हणजे 'विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ सोसायटी' ने सुरू होणारा निबंध. तपासणाऱ्याने सकाळपासून असे शेकडो वाचलेले असतात. निबंधाला २, ५, ८, ११ आणि १४ अशा पायऱ्या आहेत. साच्याचा निबंध क्वचितच आठच्या वर जातो. शिवाय अलीकडे काही पेपरांत पहिलं वाक्य दिलेलं असतं आणि तिथून पुढे लिहायचं असतं, मग पाठ केलेली सुरुवात वापरायची कुठे? चौथीला १२० ते १८०, सहावीला १५० ते २०० शब्द लागतात. तीन छोटे परिच्छेद, मधल्यात स्वतःच्या कॉलेजातलं एक खरं उदाहरण, आणि शेवटची पाच मिनिटं क्रियापदं तपासायला. तेवढ्याने अकराची पायरी गाठलेले विद्यार्थी माझ्याकडे आहेत.

१५. तोंडी परीक्षा सक्तीची आहे का?

नाही. ती वेगळी असते, संगणकावर होते, मे आणि नोव्हेंबरमध्ये. आकड्यांऐवजी श्रेणी मिळते. लेखी परीक्षेच्या ४२५ शी तिचा काही संबंध नाही.

१६. माझे उच्चार भारतीय आहेत. मी शिकवलं तर विद्यार्थ्याचं नुकसान होईल का?

होणार नाही, एक पथ्य पाळलं तर. कानाच्या सरावाला परीक्षेचीच रेकॉर्डिंग वापरा, तुमचं वाचन नको (प्रश्न १०). बाकी सगळीकडे, भाषांतर, निबंध, उताऱ्याचा अर्थ, तुमच्या उच्चारांनी काही बिघडत नाही. तुम्ही मुलाशी इंग्रजीत बोललात तर उलट त्याची भीड चेपते. समोरचाही ही भाषा शिकूनच बोलतोय हे त्याला दिसतं.

१७. परीक्षेच्या दिवशी काय न्यायचं?

प्रवेशपत्राची छापील प्रत, ओळखपत्र, विद्यार्थी कार्ड, टू-बी पेन्सिल, खोडरबर, काळं पेन. आणि अनेक कॉलेजांत ऐकण्याचा भाग एफएम लहरींवर लावतात, तिथे रेडिओचे हेडफोन स्वतःचे न्यावे लागतात. नवी बॅटरी घाला आणि कॉलेज आधी जी चाचणी घेतं तिला जाऊन वारंवारिता लावून बघा. माझ्या एका विद्यार्थ्याचे हेडफोन दुसऱ्या संभाषणाला खरखरायला लागले. बॅटरी मागच्या सत्रातली होती. सहा महिन्यांची मेहनत दोन सेलांपायी गेली.

नऊ वाजता, आणि सहावीला दुपारी तीन वाजता, दार बंद होतं. त्यानंतर आत घेत नाहीत.

१८. ऐकण्याच्या भागाची उत्तरं नंतर उत्तरपत्रिकेवर उतरवली तर चालेल का?

चालणार नाही, आणि यात दर वर्षी मुलं बुडतात. निबंध आणि ऐकण्याची उत्तरं पहिल्या उत्तरपत्रिकेवर असतात आणि ऐकणं संपलं की ती लगेच गोळा करतात. उत्तरांचे रकाने तिथल्या तिथे रंगवायचे. दुसरी गोष्ट, प्रश्नपुस्तिकेच्या मागचा बारकोडचा चिकटपट्टा सोलून पहिल्या उत्तरपत्रिकेवर लावायचा असतो. कुणाला कुठला संच आला ते यंत्राला त्यावरूनच कळतं. तो राहिला तर बरोबर उत्तरंही वाया जातात.

१९. निकालात शून्य आलं. पेपर हरवला का?

बहुतेक वेळा नाही. एकूण गुण २२० च्या खाली असतील तर निकालात शून्यच दिसतं. गैरहजेरी किंवा गैरप्रकारानेही शून्य येतं. जूनचा निकाल ऑगस्टच्या अखेरीस आणि डिसेंबरचा फेब्रुवारीच्या अखेरीस लागतो. शंका असेल तर निकालानंतर महिन्याभरात पडताळणीचा अर्ज करता येतो. त्यात बेरीज आणि तपासायचं राहिलेलं बघतात. निबंधाला पुन्हा गुण देत नाहीत.

२०. ४२५ आले, पण कमी वाटतात. पुन्हा द्यावी का? आणि गुण किती वर्षं चालतात?

गुणांना मुदत नाही. पुन्हा बसू देणं विद्यापीठाच्या नियमांवर आहे, तेवढं विचारून घ्या. चौथीत ४२५ ते ४५० असतील तर चौथी पुन्हा घासण्यापेक्षा सहावीकडे जा. सहावीत ४२५ असले आणि पुढच्या शिक्षणाच्या मुलाखतीत ५०० विचारत असतील, तर पुन्हा देण्यात अर्थ आहे. परदेशी जाणाऱ्याने आयेल्ट्स किंवा टोफेलकडे वळावं. तिकडे सहसा तेच गुण मागतात.

२१. चीनमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांनी ही द्यावी का?

इंग्रजी माध्यमातून डॉक्टरकी करणाऱ्यांना तिचा काही उपयोग नाही. तो वेळ चिनीच्या एचएसके परीक्षेला द्या. रुग्णाशी बोलायला तीच भाषा लागणार आहे.

२२. माझ्या विद्यार्थिनीला कमी ऐकू येतं. ऐकण्याचे ३५ टक्के गेले म्हणायचे का?

नाही. श्रवणदोष असलेल्यांना त्या भागातून सूट मागता येते. त्यासाठी नावनोंदणीच्या वेळीच कागदपत्रांसह कॉलेजच्या परीक्षा विभागात अर्ज करायचा असतो. परीक्षेच्या आठवड्यात सांगून काही होत नाही. मुलं संकोचाने बोलत नाहीत, म्हणून शिकवणाऱ्यानेच विचारावं.

२३. 'उत्तरं आधी मिळतील' असे मेसेज माझ्या मित्राला आलेत. खरे असतात का?

तीन-तीन संच खोलीत मिसळून वाटतात (प्रश्न ९ आणि १८), तेव्हा 'पेपरची उत्तरं' कुठल्या संचाची? पैसे घेऊन गायब होणारे हे लोक आहेत. आणि समजा काही हाती लागलंच, तर पकडल्यावर गुण रद्द होतात आणि विद्यापीठाची कारवाई नोंदीवर राहते ती वेगळीच. असा मेसेज दाखवणारा मुलगा बहुतेक वेळा दोनदा-तीनदा ४०० च्या आसपास अडकलेला असतो. त्याला रागावू नका. मागचं गुणपत्रक मागा, तिन्ही आकड्यांत सगळ्यात खाली कोणता आहे ते बघा, आणि त्याच संध्याकाळी त्या एका भागाला त्याच्याबरोबर बसा.